ऊसतोडीच्या फडावर कॅमेरा घेऊन जाताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही सांगली जिल्ह्यात राहता, नोकरी सांभाळून चार वर्षं फोटो काढताय. गावाबाहेरच्या माळावर दर हंगामात ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात आणि त्या माणसांचं काम तुम्हाला फोटोंतून मांडायचंय. गेल्या हंगामात दोनदा गेलात. एका बाईनं तोंड फिरवलं, पोरं मात्र रांग लावून उभी राहिली, आणि घरी येऊन फोटो पाहिल्यावर काहीतरी उचलून आणल्यासारखं वाटलं. सावकाश काम करा, नीतीनं करा, असं सगळे सांगतात. पण म्हणजे नेमकं काय करायचं? किती दिवस द्यायचे, परवानगी कागदावर घ्यायची का, पैसे द्यायचे का, लहान मुलांचं काय?

मी बीड जिल्ह्यातल्या टोळ्यांबरोबर अकरा हंगाम काढले आहेत. त्यातल्या पहिल्या तीन हंगामांतले बहुतेक फोटो मी आता कुणाला दाखवत नाही. तांत्रिकदृष्ट्या ते बरे आहेत, पण मी काय पाहत होते ते मला तेव्हा कळत नव्हतं. ते कधी कळायला लागलं ते आधी सांगते, कारण तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

जानेवारीतली रात्र होती. कृष्णाकाठची काळी जमीन, ऊसतोड चालू असलेल्या शेताच्या म्हणजे फडाच्या कडेला ट्रक उभा, त्याला लाकडी फळी लावलेली. त्या फळीवर डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई. मागून दुसऱ्या गाडीचा दिवा, त्यामुळं मोळीच्या वाढ्याची, म्हणजे उसाच्या शेंड्याची, प्रत्येक पात उजळलेली आणि बाईचा चेहरा अर्धा प्रकाशात. मोळ्या चढवतानाचे फोटो मी त्याआधी शंभर काढले असतील, पण त्यात नेहमी बाईची पाठ यायची. या एकात चेहरा होता. मी खूश झाले. खाली ओळ लिहिली, ‘पहाटे ट्रकमध्ये मोळी चढवताना ऊसतोड मजूर.’ एका दिवाळी अंकात तो फोटो त्याच ओळीसकट छापूनही आला.

त्यानंतरच्या मे महिन्यात मी त्या बाईच्या गावी गेले, शिरूर कासार तालुक्यात. बरोबर त्या फोटोची मोठी प्रिंट होती. तिनं ती ओसरीत उजेडाला धरली, बराच वेळ बघितली आणि मी ओळ वाचून दाखवल्यावर म्हणाली, ‘चढवायले नाही मी, ताई. उतरवायले. पाय बगा की, टाच कुणीकडं हाय.’

टाच ट्रककडं होती. ती फळीवरून खाली येत होती. त्या रात्री वरच्या शेताचा पाट फुटून फड ओला झाला होता आणि निम्मा भरलेला ट्रक रुतला. तो निघावा म्हणून भरलेला ऊस परत खाली काढला, ट्रॅक्टरनं ट्रक ओढला आणि पहाटे चारला सगळा ऊस पुन्हा चढवला. मी विचारलं, उतरवण्याचे आणि दुसऱ्यांदा चढवण्याचे पैसे? ती म्हणाली, ‘त्याचे कसले पैसे. काट्यावर वजन तर एकदाच व्हतं ना.’

माझ्या फोटोत कष्टाची शोभा होती. खरं तर तो बिनपगारी रात्रीचा फोटो होता. पुरावा माझ्या डोळ्यांसमोर होता, त्या चेहऱ्यातच होता, कारण चढणाऱ्या बाईचा चेहरा खालून दिसतच नाही. मी तीन वर्षं फडावर उभी राहून हे पाहिलं नव्हतं. तिनं एका मिनिटात दाखवलं.

म्हणून ‘सावकाश’ या शब्दाचा मी लावलेला अर्थ दिवसांच्या संख्येत बसत नाही. काढलेला फोटो घेऊन त्या माणसाकडं परत जाणं आणि त्यानं जे सांगितलं त्यानुसार फोटो, ओळ किंवा सगळं कामच बदलायला तयार असणं, हे माझ्या लेखी सावकाश काम आहे. सलग चाळीस दिवस कोपीशेजारी तंबू ठोकून राहिलात आणि परत कधीच गेला नाहीत, तर ते घाईचंच काम झालं. उलट वर्षातून सहा रविवार दिलेत, पण दर वेळी मागच्या वेळचे फोटो हातात घेऊन गेलात, तर नोकरी सांभाळूनही हे काम नीट होतं.

आता टोळीचं वर्ष समजून घ्या, कारण तुम्हाला त्यातला एक तुकडाच दिसतोय. पावसाळ्यात मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, उचल म्हणजे आगाऊ रक्कम देतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता असं धरतात आणि उचल त्या कोयत्यावर मिळते. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, गाळप सुरू होतं, आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की माणसं गावी परततात. हंगामात काम करून ती उचल फेडायची असते. म्हणजे तुम्ही फडावर पाहता ती माणसं कर्ज फेडत असतात, आणि तिथला प्रत्येक ‘हो’ त्या कर्जाच्या छायेत उच्चारलेला असतो. हे लक्षात न घेता परवानगीबद्दल बोलता येत नाही.

फडावर गेलात की पहिल्यांदा मुकादम भेटतो. त्याला सांगितल्याशिवाय आत जाऊ नका, ते तुमच्याही आणि टोळीच्याही अंगाशी येईल. पण त्यानं ‘काढा की फोटो’ म्हटलं म्हणजे टोळीनं होकार दिला असं धरू नका. तो मागं उभा असताना बाई नाही म्हणणारच नाही. (मुकादमाला खलनायक ठरवून जाऊ नका हेही सांगते. तो बहुतेकदा त्यांच्याच भागातला असतो आणि वाहतूकदाराकडून किंवा कारखान्याकडून उचललेल्या पैशाखाली तोही दबलेला असतो. त्याचीही बाजू ऐका, त्याचाही फोटो काढा.) खरी परवानगी मला नेहमी गावाकडं मिळाली, उन्हाळ्यात, स्वतःच्या उंबऱ्यावर बसलेल्या माणसाकडून. तिथं लोक नाही म्हणू शकतात. माझ्याकडचे काही चांगले फोटो मे महिन्यातल्या अशाच ‘नको’मुळं कायमचे बाजूला पडले, आणि ते योग्यच झालं.

कागदाबद्दल. सुरुवातीला मी परदेशी नमुन्यावरून केलेला छापील संमतीचा अर्ज घेऊन जायचे. एका म्हाताऱ्यानं तो हातात घेऊन विचारलं, ‘ह्याच्यावर अंगठा केल्यावर किती द्यावं लागंल?’ या माणसांनी आयुष्यात अंगठा उचलीच्या कागदावर दिलेला असतो. अंगठा म्हणजे देणं, हेच त्यांच्या अनुभवाचं गणित. त्या दिवसापासून मी कागद काढणं बंद केलं. आता मी आवाज रेकॉर्ड करते. माणूस स्वतःचं नाव सांगतो, कशाला हो म्हणतोय आणि कशाला नाही हे स्वतःच्या शब्दांत सांगतो, आणि तो तुकडा मी त्याला तिथंच ऐकवते. एखाद्या संस्थेला कागदच हवा असेल तर तो नंतर, गावी, वाचून दाखवून.

पण काय विचारायचं हे कशावर विचारायचं यापेक्षा महत्त्वाचं आहे. ‘फोटो काढू का?’ हा प्रश्न अगदीच तोकडा आहे. मी फोन काढते, एखादं वर्तमानपत्राचं पान, एखादा फिरत आलेला फोटो दाखवते आणि सांगते, तुमचा फोटो असा इथं येऊ शकतो. तो तुमच्या मुकादमाच्या फोनवर जाऊ शकतो, पोरीच्या सासरी जाऊ शकतो, आणि एकदा गेला की मला तो परत आणता येणार नाही. हे ऐकल्यावर जो हो म्हणतो त्याचाच हो मी धरते. आणि तो तीनदा विचारते: काढताना, निवडताना, छापायच्या आधी. तिसऱ्या वेळी बदललेलं मन हे पहिल्या वेळच्या होकाराइतकंच खरं असतं.

हे मी शिकले ते दुसऱ्याचं नुकसान करून. पाचव्या हंगामात एका बाईनं मला तिच्या उचलीचा आकडा सांगितला, मुकादमानं हिशेबात काय धरलं नाही तेही सांगितलं. मी फोटोखाली तिचं नाव न देता तो आकडा आणि तालुका दिला. मला वाटलं, नाव नाही म्हणजे झालं. पण चेहरा होता, आकडा होता, तालुका होता. ओळखायला एवढं पुरतं. पुढच्या वर्षी त्या जोडप्याला त्या टोळीत घेतलं नाही आणि दुसरीकडं कमी उचलीवर जावं लागलं. ती मला एका शब्दानं बोलली नाही, उलट चहा केला. तो चहा मला अजून आठवतो. तेव्हापासून आकडा आणि चेहरा मी एका ठिकाणी छापत नाही. चेहरा दाखवायचा असेल तर आकडा टोळीचा म्हणून सांगते, आणि आकड्याला महत्त्व असेल तर हाताचा, कोयत्याचा, वहीचा फोटो वापरते. आणि फोनवर काढलेल्या फोटोत ठिकाणाची नोंद आपोआप जाते, ती बंद करून ठेवा. तुमच्या लक्षातही येणार नाही इतक्या सहज एखाद्या वस्तीचा पत्ता जगभर जातो.

पैशाचं. फोटोसाठी पैसे देऊ नका, असं मी सांगेन, पण त्या नियमाआड लपूही नका. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला साधारण ३६६ रुपये झाला. तो दोघांच्या कष्टाचा दर आहे. तुमच्यासाठी कुणी अर्धा तास हात थांबवला तर तो अर्धा तास त्यांच्या टनातून जातो. एक दिवस बुडाला तर खाडा धरतात आणि त्याचे पैसे कापले जातात. म्हणून काम चालू असताना कुणाला थांबवायचं नाही, ‘परत एकदा तशीच उचला’ असं तर कधीच म्हणायचं नाही. गप्पा मारायच्या त्या गाडीची वाट बघत माणसं बसलेली असतात तेव्हा. जेवण तुमचं तुम्ही न्या आणि वाटून खा. दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि तुमच्याकडं गाडी असली तर कॅमेरा बाजूला ठेवून न्या, त्याचा फोटोंशी संबंध जोडू नका. फोटोंतून तुम्हाला मानधन किंवा बक्षीस मिळालं तर त्यातला वाटा कसा द्यायचा हे टोळीलाच विचारा. मी विचारलं तेव्हा त्यांनी रोख मागितली नाही, गावातल्या शाळेत पोरांना राहायची सोय व्हावी म्हणून मदत मागितली. आई-बाप हंगामाला गेले की मागं राहिलेल्या पोरांचं काय, हा त्यांचा कायमचा घोर असतो.

मुलांवर आता थोडं थांबते, कारण तुमच्या दोन भेटींतले निम्मे फोटो पोरांचे असणार याची मला खात्री आहे. पोरं नाही म्हणत नाहीत, त्यांना फोटो हवाच असतो. म्हणूनच त्यांच्या बाबतीत आपण जास्त सांभाळायचं. कायदाही स्पष्ट आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करून ओळख उघड करायला मनाई आहे. कामगार कायदे मोडून कामाला लावलेलं मूल त्या व्याख्येत येतं आणि ज्याचं लग्न वयाआधी लावलं जाण्याचा धोका आहे तेही येतं. ऊसपट्ट्यात या दोन्ही गोष्टी किती जवळ आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे. लैंगिक अत्याचाराची बाब असेल तर पॉक्सोचं, म्हणजे मुलांना अशा अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम २३ आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी साधा विचार करा. कोयता हातात घेतलेल्या बारा वर्षांच्या पोरीचा फोटो तुमच्या भिंतीवर प्रभावी दिसेल. ती पोर बावीसची होईल तेव्हाही तो फोटो तसाच फिरत असेल. मी अशा पोरीचा फोटो तिच्या सावलीवरून, पाठीवरून किंवा हातावरून काढते, नाहीतर काढतच नाही. झोळीतली तान्ही, खेळणारी पोरं, हे आई-बापाला विचारून काढा आणि प्रिंट नक्की द्या.

कोपीबद्दल एकच सांगते. कोपीला दार नसतं. वाकून आत बघितलं की सगळं दिसतं, म्हणून तर बाहेरून येणारे कॅमेरे सरळ आत घुसतात. माझा नियम असा की चुलीच्या अलीकडं थांबायचं, बोलावलं तरच पुढं जायचं. आंघोळ, कपडे बदलणं, पहाटे बायका अंधारात बाहेर जाऊन येतात ती वेळ, यांचे फोटो नाहीत. तुम्ही पुरुष आहात, त्यामुळं पहाटे चारच्या आधी वस्तीत फिरूच नका. संडास नाही ही बातमी आहे हे मला मान्य आहे. ती दाखवायला पाण्याची घागर, हापशापर्यंतची पायवाट आणि उजाडायच्या आतला मोकळा माळ पुरतो.

कॅमेरे असे आत घुसण्याची गोष्ट २०१९ साली फार मोठ्या प्रमाणावर घडली. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी सगळीकडं गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली. सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. आकडा भयानक आहे आणि तो जगापुढं यायलाच हवा होता. पण त्यानंतर आलेले कॅमेरे काय मागत होते? पोटावरचा व्रण, पदरानं झाकलेला चेहरा, ओळीनं बसवलेल्या बायका. मलाही एका ठिकाणाहून अशीच मागणी आली. मी नाही म्हटलं आणि त्या वर्षी दुसरंच काढलं: खाड्याची नोंद ठेवलेली वही, कोपीमागं साडीखाली दडवून वाळत घातलेलं कापड, फडापासून हापशापर्यंतचं अंतर, तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यासमोरचा बाक. यातली प्रत्येक जागा बायकांनी स्वतः सांगितली होती. मी त्यांना विचारलं होतं, ‘हे का होतं ते दाखवायचं तर कशाचा फोटो काढू?’ हा प्रश्न तुम्हीही विचारा. दुखण्याचा फोटो काढण्याआधी, दुखणं कुठून आलं ते कशात दिसतं, हे त्या माणसाला माहीत असतं.

जगातली दोन उदाहरणं इथं सांगते, कारण ती माझ्या टेबलासमोर कायम असतात. १९३६ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथं डोरोथिया लँग यांनी शेतमजूर आईचा फोटो काढला. अमेरिकेतल्या मंदीचा तो चेहरा ठरला. लँग तिथं काही मिनिटंच थांबल्या, नाव विचारलं नाही. त्या बाईचं नाव, फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन, लोकांना कळलं १९७८ साली, बेचाळीस वर्षांनी. त्या फोटोतून आपल्याला एक पैसा मिळाला नाही, फोटो काढून घेतला नसता तर बरं झालं असतं, असं त्या म्हणाल्या. गाडीचे टायर विकून खाल्लं, ही लँग यांच्या टिपणातली गोष्टही त्यांच्या घरच्यांनी नाकारली. त्या फोटोमुळं तिथल्या छावणीत सरकारी धान्य पोचलं हे खरं आहे, आणि तो फोटो मोठा आहे हेही खरं आहे. पण परत जाऊन नाव विचारायला, ओळ वाचून दाखवायला एक दिवस पुरला असता.

दुसरं उदाहरण जपानचं. युजीन स्मिथ आणि आयलीन स्मिथ हे छायाचित्रकार जोडपं १९७१ मध्ये मिनामाता इथं गेलं आणि तीन वर्षं तिथंच घर घेऊन राहिलं. कारखान्याच्या सांडपाण्यातल्या पाऱ्यानं तिथली माणसं अपंग झाली होती. आईनं आपल्या अपंग मुलीला न्हाणीत हातांवर धरलंय, तो फोटो त्या कामातला सर्वांत प्रसिद्ध. तो घरच्यांच्या संमतीनं काढला होता. ती मुलगी १९७७ मध्ये वारली. पुढं वीस वर्षांनी घरच्यांना वाटलं की आता तिला विसावा मिळावा. आयलीन स्मिथ यांनी १९९८ मध्ये त्या फोटोबद्दलचा निर्णय आई-वडिलांच्या हाती दिला आणि बरीच वर्षं तो नव्यानं कुठं दिला गेला नाही. जगातला एक थोर फोटो, संमतीनं काढलेला, एका बाईंनी मिटून ठेवला. मी जेव्हा एखादा ‘नको’ ऐकते तेव्हा आयलीन स्मिथ आठवतात. माझा कुठलाच फोटो त्या फोटोएवढा मोठा नाही.

यंत्राबद्दल थोडंच सांगते. एक कॅमेरा, ३५ किंवा ५० मिलिमीटरची एक लेन्स. लांबून खेचणारी लेन्स घरी ठेवा, तिच्यामुळं न विचारता काढायची सवय लागते. पहिल्या दोन भेटींत कॅमेरा पिशवीतच ठेवा आणि वही बाहेर काढा. फडात बूट घाला, तोडलेल्या उसाचे सड पायात घुसतात. पाचटानं हात चिरतात, म्हणून पूर्ण बाह्या. कोयता चालवणाऱ्याच्या अगदी जवळ वाकून कोन शोधू नका, त्याचं लक्ष तुमच्याकडं गेलं तर इजा त्याला होते. रोज रात्री वहीत लिहा: कोण, कुठं, काय चाललं होतं, कोण काय म्हणालं, कोण नको म्हणालं. नावं फोटोच्या फाइलमध्ये न ठेवता वेगळ्या वहीत, क्रमांकानं.

काढलेले फोटो लगेच निवडू नका, दोन-तीन महिने पडू द्या. गावातल्या स्टुडिओत चार बाय सहाच्या साध्या प्रिंट काढा आणि टोळीसमोर घोंगडीवर पसरा. कोण कुठला फोटो उचलतो ते बघा. मी पहिल्यांदा असं केलं तेव्हा बायकांनी माझे आवडते सगळे फोटो बाजूला सारले. ‘लुगडं फाटकं दिसायलंय. मुंडाशावाणी फडकं बांधलंय डोक्याला. हे कामून दाखवायचं लोकांना?’ त्यांना ठेवणीतल्या साडीतला फोटो हवा होता. मला तेव्हा ते कामाबाहेरचं वाटलं, पण मे महिन्यात गावी जाऊन मी ते काढले. भिंतीला टेकून उभी राहिलेली बाई, हातात घड्याळ, पायात नव्या चपला. आज फडावरचा फोटो आणि हा फोटो मी शेजारी शेजारीच लावते, नुसता फडावरचा देत नाही. सहा महिने ती ऊस तोडते, उरलेले सहा महिने ती त्या गावची आत्या, सून, बचत गटाची सदस्य असते. अर्धंच वर्ष दाखवलं तर आपण तिला कायमची मजूर करून ठेवतो.

याच वाटेनं आणखी पुढं जाता येतं. आपल्याकडंच पालघर जिल्ह्यात छायाचित्रकार गौरी गिल यांनी गंजाडचे वारली चित्रकार राजेश वांगड यांच्याबरोबर २०१३ पासून काम केलं. वांगड ज्या जागांबद्दल सांगत होते तिथं गिल यांनी त्यांचे फोटो काढले, पण सांगितलेलं त्या फोटोंत दिसेना. मग वांगड यांनी त्याच फोटोंवर आपल्या रेषांनी गोष्ट काढली. फोटो दोघांचा झाला. तुमच्या टोळीत कुणी चित्र काढत असेल, ओव्या म्हणत असेल, हिशेब चोख लिहीत असेल, तर त्याच्या हाताला कामात जागा द्या.

दाखवायचं कुठं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. आधी त्यांच्या गावात. पत्रकार पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत ग्रामीण बायकांच्या कामाचे फोटो काढले आणि त्यांचं प्रदर्शन कारखान्यांच्या दारात, रेल्वे स्टेशनांवर, गावांच्या चौकात नेलं. मोठं दालन मिळालं तर घ्या, पण त्याआधी एकदा ते फोटो शाळेच्या वऱ्हांड्यात सुतळीला टाचण्यांनी अडकवून बघा. टाच कुणीकडं आहे ते तिथंच कुणीतरी सांगतं.

आता या हंगामाचं. टोळ्या यायला अजून वेळ आहे. तुमच्याकडं गेल्या दोन भेटींतले फोटो आहेत. त्यांच्या प्रिंट काढा, जितकी माणसं तितक्या. मुकादमाचा नंबर मिळवून टोळीचं गाव विचारा आणि उचलीचे व्यवहार चालू असतात त्याआधी, जमलं तर येत्या दोन रविवारांतच, एसटीनं तिकडं जाऊन या. कॅमेरा नेऊ नका. ज्या बाईनं तोंड फिरवलं होतं तिचा फोटोही प्रिंट करून न्या, तिला एकटीला दाखवा, विचारा. ती नको म्हणाली तर प्रिंट तिच्या हातात द्या आणि फोनवरची, कॅमेऱ्यातली प्रत तिच्यासमोर काढून टाका. मग चहा घ्या आणि तोंड फिरवण्याआधी तिच्या हातात काय होतं, त्या दिवशी फडावर काय चाललं होतं, ते विचारा. वही बरोबर असू द्या.